आम्हाला शोधायला आलेल्यांना नोटीस कसली काढता, साहेब?

मा. वन खात्याचे साहेब,

स.न.वि.वि.

हेच पत्र थोडं लहान करून आधी तुमच्या ऑफिसात हातानं आणून दिलं होतं, शिक्का मारलेली पोच माझ्याकडं आहे. उत्तर काय आलं नाही. तेवढ्यात तुम्ही डोंगराच्या गेटला कुलूप घातलंत आणि वर बोर्ड लावलात, की पर्यटक वाट चुकल्याच्या प्रकारामुळं ही वाट पुढचा आदेश येईपर्यंत सर्वांना बंद. म्हणून आता सगळ्यांच्या देखत लिहिते.

ते वाट चुकलेले पर्यटक म्हणजे मी आणि माझे मिस्टर. दुसरं कोण नाही. आमच्या नावावर तुम्ही एक अख्खी वाट बंद केली, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या रात्री जी माणसं आम्हाला शोधायला आली त्यांनाच नोटीस काढली, की रात्रीच्या वेळी विनापरवानगी जंगलात का शिरला त्याचा खुलासा द्या. मला आधी कुणीतरी चेष्टा करतंय असंच वाटलं. वाडीतल्या पोरानं कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपला पाठवला तेव्हा पटलं.

डोंगराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, वाडीचंही नाही. तुम्हाला माहीत आहे कुठला ते. लिहिलं तर गेटवर बसणाऱ्या कंत्राटी पोराच्या नोकरीवर यायचं, आणि वाडीवाल्यांवर तर आधीच आलंय. बाकी वाचणाऱ्यांना एवढं पुरे की खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीच्या पुढं, जिथं कर्नाटक संपत येतो आणि गोवा सुरू व्हायला लागतो तो भाग.

आम्ही बेळगावच्या शहापूरची माणसं. मिस्टर उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये आहेत, मी पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून शनिवार-रविवार घर खायला उठतं, म्हणून बाहेर पडायला लागलो. ट्रेकर वगैरे आम्ही नाही हो, राजहंसगड, वैजनाथचा डोंगर, फार तर चंदगडकडं पारगड, एवढीच आमची मजल, ते पण वाटेत मिसळ खाऊन. दिवाळी झाल्यावर म्हटलं जरा लांब जाऊ, एक रात्र राहू, दुसऱ्या दिवशी डोंगर करू. एका काकूंच्या घरी खोली मिळाली, जेवणासकट. आणि डोंगराचं तिकीट ऑनलाइन काढलं, तुमच्याच साइटवरून, दोघांचं. पावती आहे.

हे तिकिटाचं आधी सांगते कारण आमच्याबद्दल "बिनापरवाना घुसले" असं पण कुणीतरी पसरवलंय. 2024 च्या जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला कर्नाटकातल्या कुमार पर्वतावर ट्रेकला जी गर्दी झाली त्यानंतर राज्यात ऑनलाइन नोंदणीचं सुरू झालं आणि मला तो नियम पटतो. मोजून माणसं सोडावीत. जंगल हे काय गणेशपूरचं मैदान नाही. पण मोजून सोडायचं म्हणजे नुसतं आत सोडताना मोजायचं का?

आता त्या दिवशी काय झालं ते ऐका, कारण तुमच्या लोकांनी लिहून घेतलेल्या जबाबात जे आहे ते वेगळंच आहे.

सकाळी गेटवर पोचलो तर एक पोरगा खुर्चीवर. चांगला पोरगा, अदबीनं बोलला. आधारचं झेरॉक्स घेतलं, रजिस्टरला नाव, वय, गाव, मोबाईल नंबर, सगळं लिहिलं. मग सॅक उघडायला लावली. पाण्याच्या बाटल्या मोजल्या, प्रत्येक बाटलीला स्टिकर चिकटवला आणि बाटलीचं डिपॉझिट घेतलं. येताना बाटल्या दाखवा आणि पैसे परत घेऊन जावा म्हणाला. फार छान सोय, मी कौतुक पण केलं. मिस्टरांनी विचारलं गाईड मिळेल का, पैसे देतो. तर म्हणाला गाईड वगैरे इथं कोण नाही सर, वाट सरळ आहे, दगडावर पांढरे बाण आहेत, बाण बघत जावा. तुमच्या जबाबात लिहिलंय की "गाईड घेण्यास नकार दिला". कोण होता तो गाईड, मला एकदा दाखवा.

चढताना खरंच काही अडचण आली नाही. झाडीतून वाट आहे, मळलेली आहे, बाण आहेत. वर गेलं की सडा लागतो, नुसता जांभा दगड, लांबच्या लांब. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते, खड्ड्यांतून पाणी होतं, वारा असा की डोक्यावर टोपी राहत नाही. पश्चिमेला कडा, खाली गोव्याचं जंगल. मिस्टर म्हणाले उगाच आपण दर वर्षी महाबळेश्वरला जातो. भाकरी-भाजी खाल्ली, फोटो काढले, दुपार कलायच्या आत परत फिरलो. म्हणजे वेळेचं भान नव्हतं असंही नाही.

गोची झाली ती उतरताना सड्यावर. मातीची वाट डोळ्याला दिसते, पण जांभ्यावर पाऊल उमटत नाही, तिथं बाणाशिवाय दुसरा आधारच नसतो. आणि बाण कसले, पांढरा रंग पावसानं धुऊन गेलेला, निम्मे शेवाळाखाली, निम्मे वाढलेल्या गवतात. जिथं वाट सड्यावरून खाली झाडीत शिरते नेमका तिथला बाण नाही. त्याच्याऐवजी थोडं पुढं पिवळे बाण सुरू होतात, ठळक, नवे कोरे. आम्हाला वाटलं यंदा खात्यानं नवीन मारले. नंतर कळलं की ते कुठल्यातरी दोर घेऊन कड्यावर उतरणाऱ्या ग्रुपनं आपल्या सोयीसाठी मारलेले, ते थेट कड्याकडं जातात. तुमच्या हद्दीत कुणीतरी येऊन नवे कोरे बाण मारून गेलं आणि तुमच्या माणसांना पत्ता नाही, किंवा पत्ता असून पुसले नाहीत.

पिवळ्या बाणांनी गेलो, मग ते पण संपले. कारवीचं रान लागलं, डोक्याच्या वर. त्यातून ढोरवाटा, एक सोडली की दुसरी, सगळ्या सारख्या. त्यात दरीतून धुकं वर आलं. अर्ध्या तासापूर्वी जिथं सगळा गोवा दिसत होता तिथं हातभर पुढचं दिसेना. मिस्टरांचं म्हणणं ओढा शोधू आणि पाण्याच्या धारेनं खाली जाऊ, पाणी कुठंतरी गावातच जातं. कुणीही हेच म्हणेल. ओढा सापडला, उतरायला लागलो आणि निसरड्या दगडावरून त्यांचा पाय असा मुरगळला की बूट काढता येईना.

पाय मुरगळला ते एका अर्थी बरं झालं, कारण नंतर वाडीतल्या मामांनी सांगितलं तेव्हा अंगाला काटा आला. हा सगळा पाणलोटाच्या धारेवरचा भाग. मलप्रभा इथूनच, कणकुंबीतून निघते ती पूर्वेला जाऊन कुडलसंगमला कृष्णेत मिळते, आणि महादई पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते. एकाच सड्यावरचं पाणी, पण एक ओढा तुम्हाला शिवारात आणून सोडतो आणि दुसरा कड्यावरून खाली झेप घेतो. मामांचे शब्द असे होते, "ताई, ह्या वगळीनं असंच खाली गेला असतासा तर गोव्यात पोचला असतासा, पर चालत न्हवं." आम्ही पश्चिमेच्या ओढ्यात होतो.

ही एवढी गोष्ट तुमच्या गेटवरच्या बोर्डावर असायला नको का? बोर्ड आहे की मोठा. त्यावर प्लास्टिक टाकू नका, दारू पिऊ नका, आग लावू नका, गाणी वाजवू नका, प्राण्यांना खायला घालू नका. सगळं बरोबरच आहे. पण वाट कशी जाते, फाटा कुठं आहे, वाट चुकली तर काय करायचं, कुठल्या बाजूला अजिबात उतरायचं नाही, किती वाजेपर्यंत खाली यायचं, यातलं एक अक्षर नाही. नकाशा तर लांबच.

मग फोन. माझ्या फोनला रेंज होती, पण टॉवर गोव्याचा, तसा स्वागताचा मेसेज पण आला, मी त्या स्थितीत हसले. 112 लावला. लागला, पलीकडं बाई होत्या, फार शांतपणे बोलल्या, त्यांची काही चूक नाही. पण त्या दुसऱ्या राज्यात बसलेल्या, त्यांना मी जांबोटी म्हणते तर ते कुठं आलं इथून सुरुवात. त्या म्हणाल्या तुमच्या राज्याला कळवते. तेवढ्यात धुकं दाट झालं, रेंज गेली, ती पुन्हा आलीच नाही. आता हे काय आमच्यापुरतं नाही साहेब. चोर्ल्याच्या बाजूला तीन राज्यांच्या हद्दी एकत्र येतात, तिथं फोन कुठला टॉवर धरेल ते वाऱ्यावर. गेटवर नुसता एक साधा मोबाईल नंबर, तालुक्यातला, मोठ्या आकड्यात लिहिलेला असता तर पहिला फोन तिथं गेला असता.

नोव्हेंबरात सहा वाजले की अंधार. झाडीत तर त्याच्याही आधी. बसायला एक कपार शोधली. थंडी म्हणजे काय ते शहापुरात कळत नाही, दव पडून अंगावरचे कपडे भिजले. खायला काय, तर घरी न्यायला म्हणून घेतलेला कुंद्याचा बॉक्स. आमचे हे त्या दुखण्यात पण म्हणतात, बघ, लोक कॅम्पातून कुंदा घेऊन मुंबईला जातात, आपण जंगलात आणला. मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की बोलता सोय नाही, पण कुंदा खाल्ला. मध्ये एकदा खाली कारवीत काहीतरी मोठं जनावर हललं, मोडत मोडत गेलं, गवा असणार. खानापूर भागात अस्वलानं माणसाला फाडल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, त्या सगळ्या मला एकदम आठवल्या. बॅटरी लावायची भीती आणि न लावायची पण भीती. ओरडायचं तर जनावर येईल म्हणून ओरडलो पण नाही. हे नंतर वाडीत सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले, म्हणाले ओरडायला पाहिजे होतं, आवाजानं जनावर लांब जातं. हे पण बोर्डावर लिहिता येतं.

त्या वेळी तुमच्या गेटवर काय चाललेलं? पोरगा शेवटची बस गाठायला साडेपाचला कुलूप घालून गेलेला. त्याला दोष देत नाही, त्याची ड्युटी तेवढीच, बस गेली तर त्याला जंगलातून चालत जावं लागतं. पण रजिस्टरला दोन नावं आत गेलेली लिहिलीत, बाहेर आल्याचा रकानाच नाही. बाटल्यांच्या डिपॉझिटचे पैसे डब्यात तसेच पडून, म्हणजे बाटल्या परत आल्या नाहीत हे डब्याला माहीत होतं. तरी कुलूप पडलं. उद्यमबागेतल्या चार माणसांच्या कारखान्यात पण आत येताना पंच आणि जाताना पंच असतो, पंच झाला नाही तर सुपरवायझर संडासापासून शोधायला लागतो.

आमची आठवण कुणाला झाली, तर त्या खोली दिलेल्या काकूंना. चहाला येतो म्हणून गेलेली माणसं आली नाहीत, गाडी दारात उभी, फोन लागत नाही. दिवेलागण झाल्यावर त्यांनी सरळ डोंगराखालच्या वाडीत आपल्या पाहुण्यांना फोन लावला. वाडी म्हणजे किती, मोजकी घरं. भातकापणीचे दिवस, माणसं दिवसभर शिवारात वाकून कंबर मोडलेली. जेवणं तशीच टाकून आठ-दहा जण निघाले, बॅटऱ्या, कोयते, दोन कुत्री. गेटला कुलूप होतं म्हणून बाजूनं चढले. याचंच नाव तुमच्या नोटिशीत "अनधिकृत प्रवेश".

कड्याच्या बाजूला वाट चुकतात हे त्यांना पाठ आहे, म्हणून त्यांनी सरळ वर सड्यावर येऊन हाळी द्यायला सुरुवात केली. ती हाळी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ते माणूस आहे हे पण कळेना. आम्ही बॅटरी हलवली. मग कुत्री आली, मग माणसं. मिस्टरांना घोंगड्यात घालून, बांबू तोडून डोली केली आणि त्या अंधारात, त्या उतारावर, आळीपाळीनं खांदा देत खाली आणलं. आमचे हे काही वजनानं हलके नाहीत. वाडीत पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. बायका जाग्या होत्या, चूल पेटलेली, गरम पेज दिली. पैसे पुढं केले तर मामा रागावले.

अशी डोली त्यांना नवीन नाही, हे पण सांगते. या जंगलातल्या गावांतून आजारी माणसाला बांबूला बांधून मैलोगणती चालत आणावं लागतं, पावसाळ्यात तर बातम्याच येतात. आम्ही शहरातली माणसं एकदा डोलीत बसलो तर पेपरला आलं, "पर्यटकांची थरारक सुटका", त्यात वाडीचं नाव नाही आणि "यंत्रणेनं तत्परतेनं" असं लिहिलेलं. यंत्रणा सकाळी जीप घेऊन आली. जीपमधल्यांनी मिस्टरांना दवाखान्यात पोचवलं, त्याबद्दल आभारी आहे.

त्यानंतरचं जे आहे तेच माझं खरं भांडण.

पहिलं म्हणजे जबाब. मिस्टरांचा पाय प्लास्टरमध्ये असताना एक टाइप केलेला कागद आणला, सही करा म्हणून. कन्नडमध्ये होता. मला कन्नड वाचता येतं, बेळगावात वाढलेय, म्हणून वाचला. त्यात सूचना देऊनही मार्ग सोडला, गाईड नाकारला, आणि आमच्या सुटकेबाबत खात्याविरुद्ध आमची तक्रार नाही, असं सगळं आधीच लिहिलेलं. मला वाचता आलं नसतं तर? मी सही केली नाही.

दुसरं, वाडीच्या माणसांना नोटीस. यावर मी वर लिहिलंच आहे, पण एक विचारते. समजा ते कायदा पाळून घरी बसले असते, सकाळी तुमचं ऑफिस उघडल्यावर परवानगीचा अर्ज घेऊन आले असते, तर तुम्ही आज मला कुठलं पत्र पाठवलं असतं? आणि पुढच्या वेळी कुणी हरवलं तर ती माणसं कोयता घेऊन उठतील का, की आता आपल्याला काय करायचंय म्हणून कूस बदलतील? खरं सांगायचं तर ते तरीही उठतील, मी त्यांना बघितलंय. पण त्यांनी नोटिशीची भीती मनात ठेवून का उठावं?

तिसरं, वाट बंद. "सर्वांना बंद" म्हणजे कुणाला बंद? मी बेळगावात बसलेय, मला त्या डोंगराशिवाय काय अडत नाही. वाडीची गुरं त्या वाटेनं वर जातात. शिकेकाई, आमसुलं, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं त्या वाटेनं खाली येतात आणि खानापूरच्या बाजारात आपणच ती विकत घेतो. वर माळावर त्यांचा देव आहे, माघात जत्रा असते. पलीकडच्या वाडीत दिलेल्या लेकी त्याच वाटेनं माहेरी येतात. 2006 च्या वनहक्क कायद्यात जंगलात राहणाऱ्यांचे हे असले वहिवाटीचे हक्क मान्य केलेत, ग्रामसभेला त्यात जागा दिलीय. कुलूप घालायच्या आधी ग्रामसभेला विचारलं का? मी वाडीत विचारून आले, कुणाला काही विचारलेलं नाही. एक दिवस उठून बघतात तर कुलूप.

जंगल जपायला पाहिजे यावर कुणाचंच दुमत नाही. बाजूलाच भीमगड अभयारण्य आहे, 2011 ला जाहीर झालं, 190 चौरस किलोमीटर, बारापेडेच्या गुहांतली ती दुर्मिळ वटवाघळं आपल्याच तालुक्यात आहेत याचा मला अभिमान आहे. लाउडस्पीकर घेऊन येणाऱ्यांना, धबधब्यावर बाटल्या फोडणाऱ्यांना खुशाल दंड करा, दुप्पट करा. पण सोपं म्हणून कुलूप घालू नका. कुलपानं काय होतं तर तिकीट काढणारा सरळ माणूस थांबतो आणि कड्यावर पिवळे बाण मारणारे बाजूनं चढतात, त्यांना गेट कधी लागलंच नव्हतं.

आणि करायचं म्हटलं तर होतं. याच डोंगरातलं पाणी सरकारनं कसं मोजलंय बघा, महादईच्या लवादानं 2018 ला कर्नाटकाला 13.42 टीएमसी दिलं, पॉइंटच्या पुढं दोन आकडे. कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी वळवण्यावरून मोर्चे निघतात, दिल्लीपर्यंत फायली जातात. पाण्याचा हिशोब पॉइंटच्या पुढं दोन आकडे जमतो, मग रजिस्टरला अजून एक रकाना ओढायला पट्टी मिळत नाही?

तर माझ्या मागण्या लिहिते, उगाच नुसती कुरकुर नको.

वाडीच्या लोकांना काढलेली नोटीस मागे घ्या, आणि तोंडी नको, लेखी मागे घ्या, कागदावर, कारण उद्या साहेब बदलतात आणि फाईल राहते. हे सगळ्यात आधी.

वाडीच्या आणि आसपासच्या वस्त्यांच्या माणसांना ती वाट आजच्या आज मोकळी करा, माघाच्या जत्रेची वाट बघू नका. पर्यटकांना बोर्ड आणि बाण होईपर्यंत बंद ठेवायची तर ठेवा, माझी हरकत नाही.

रजिस्टरला बाहेर आल्याचा रकाना करा आणि आत गेलेलं प्रत्येक नाव बाहेर आल्याशिवाय गेट बंद करू नका. त्यासाठी पोराला उशिरापर्यंत थांबवायचं असेल तर त्याच्या राहण्याची, नाहीतर घरी पोचवण्याची सोय करा, ते त्याच्या पगारातून नको. एखादं नाव अंधार पडला तरी आलं नाही तर फोन कुणी कुणाला करायचा ते भिंतीवर लिहून ठेवा.

पांढरे बाण दर पावसाळ्यानंतर, पर्यटकांना सोडायच्या आधी, पुन्हा मारा. सड्यावर नुसते बाण पुरत नाहीत, दगडांचे ढीग रचा, धुक्यात पण दिसतील असे. पिवळे बाण खरवडून काढा आणि ते कुणी मारले ते शोधा.

बोर्डावर नकाशा, कड्याची बाजू, परतीची वेळ आणि तालुक्यातला फोन नंबर. कन्नडमध्ये लिहा, मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा. इथं लगेच सीमावाद काढू नका, मी कन्नड वाचते म्हणून सांगते. येणारे निम्मे कोल्हापूर आणि गोव्याचे, खाली राहणारे सगळे मराठी बोलणारे, आणि भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या हे देशानं फार पूर्वी मान्य केलेलं आहे. कड्यावरून पडू नये म्हणून लावायच्या बोर्डापेक्षा महत्त्वाची सूचना कुठली?

आणि गाईड. आम्हाला अंधारात, धुक्यात, आवाजावरून ज्यांनी शोधलं त्यांच्यापेक्षा चांगले गाईड तुम्हाला बेंगळुरूहून आणून मिळणार नाहीत. कास पठारावर गावांची समितीच तिकीट, पार्किंग, गाईड सगळं बघते, तो पैसा गावात राहतो. आपल्याकडं पण गाव वन समित्यांची पद्धत 1993 पासून आहेच, नवीन कायदा नको. वाडीच्या पोरांना ट्रेनिंग द्या, ओळखपत्र द्या, दोर, स्ट्रेचर, वॉकीटॉकी द्या, तिकिटातला हिस्सा द्या. त्यातली दोन पोरं सध्या गोव्यात हॉटेलात भांडी घासायला जातात.

शेवटचं त्या जबाबाचं. मी माझा जबाब स्वतः लिहिलाय, मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीवर आम्हा दोघांच्या सह्या आहेत, गेटच्या पावतीची झेरॉक्स जोडलीय. तो फाईलला लावा आणि टाइप केलेला कागद काढून टाका. तुमची चौकशी असेल तिथं मी यायला तयार आहे, मिस्टरांचं प्लास्टर निघालं की ते पण येतील. वाडीच्या माणसांना बोलवायचं असेल तर भातमळणी उरकल्यावर बोलवा आणि आम्हाला पण त्याच दिवशी बोलवा, त्यांना एकटं बोलवू नका.

माझा नंबर तुमच्याच रजिस्टरला आहे. दुपारी जेवणाची सुट्टी सोडून कॅश काउंटरला असते, तेव्हा फोन उचलता येत नाही, दोन ते तीनमध्ये करा.

आपली,
शहापूरची एक बेळगावकरीण